नंबर

इस्राएल मोहल्ल्यातल्या आमच्या चाळीत
तीन मजल्यांना मिळून एक नळ.
पाणी पहाटे चारला.
माणसं झोपलेली असायची आणि त्यांच्या जागी
रांगेत उभे असायचे हंडे, पत्र्याचे डबे,
आणि जास्तीचं भांडं नसलेल्यांचे
दगड.

आईचा दगड काळा, एका अंगाला चुना लागलेला.
रात्री जेवणं झाली की ती म्हणायची, जा, नंबर लावून ये.
नळावर भांडणं व्हायची, आयाबहिणी निघायच्या,
पण दगडाला कुणी हात लावत नसे.
दगड हलवणं म्हणजे माणूस ढकलणं.

गिटल आली सत्तेचाळीसच्या मार्चात.
पोलंडातल्या वूचची. भाऊ युद्धाआधीच इथे येऊन
भेंडीबाजारात रेडिओ दुरुस्त करायचा.
सगळ्या घरातून तो एक, आणि आता ही.
नाव कुणाच्या जिभेला वळेना, चाळीने गीताबाई केलं.
तिने हरकत घेतली नाही.
मशिदीत ती शब्बोस म्हणायची, आम्ही शब्बाथ.
तेवढाच शब्द दोघींना कळायचा,
तिला आणि माझ्या आईला.

नळावर ती तीनला यायची, स्वतः.
हात मांड्यांना चिकटलेले,
नजर पुढच्याच्या मानेवर,
पुढे कुणी नसलं तरी.
"अगो, बस की जरा," आई म्हणायची.
ती बसायची नाही.

मग ते रेशनचं दुकान.
साळसकर कारकून ओरडला,
तांदूळवाले डावीकडे, रॉकेलवाले उजवीकडे!
ती थबकली.
दोन्ही गालांना चिमटे काढून काढून
तिने ते लाल केले.
मी हसलो. सात वर्षांचा होतो.
आईने पाठीत धपाटा घातला,
तिलाही काही कळलं नव्हतं तरी.

"नंबर?" साळसकर म्हणाला, मान वर न करता.
कार्डाचा विचारत होता.
गिटलने बाही वर सरकवली.
त्याने निम्मा आकडा लिहिला,
मग पाहिलं,
मग खोडला.
त्या दिवशी त्याने शीग लावून तांदूळ दिला.
पुढच्या आठवड्यात पुन्हा मापात मारलं.

तिने आम्हाला कधी काही सांगितलं नाही.
भावाने एकदा वडिलांना सांगितलं, मी झोपेचं सोंग घेऊन ऐकलं:
तिथे पहाटे मोजणी असायची, बर्फात.
रात्री मेलेलीलाही आणावं लागायचं,
दोघींनी दोन बाजूंनी धरून
उभं करावं लागायचं,
आकडा जुळेपर्यंत.
एका पहाटे गिटलच्या खांद्यावर तिची धाकटी बहीण होती.
आकडा तीनदा चुकला.

आईला हे कुणी सांगितलं, माहीत नाही.
दुसऱ्या रात्री तिने माझ्या हातात दोन दगड दिले.
गिटलला जिन्यात गाठून दाखवला, हा तुझा.
आणि तळहात गालाखाली धरून
मान कलती केली:
तू झोप.

गिटल त्या रात्री सात वेळा खाली आली.
मी मोजलं.
दगड तिथेच.
पुढच्या रात्री पाच वेळा.
रोज्यांचे दिवस आले तोवर
ती सव्वाचारला येऊ लागली, केस विस्कटलेली,
गालावर उशीची घडी,
आणि एकदा तर मागच्या बाईशी भांडलीसुद्धा,
पोलिशमध्ये, कमरेवर हात ठेवून.
आई घरी येऊन कितीतरी वेळ हसत होती.

आई गेली बासष्टला.
चिंचपोकळीच्या कबरस्थानात आम्ही फुलं ठेवली, सब्जा ठेवला.
लोक पांगल्यावर गिटलने पिशवीतून
तो काळा दगड काढला, चुन्याचा डाग असलेला.
नळ तर कधीच घरोघर आले होते.
एवढी वर्षं तिने तो कुठे ठेवला होता, कोण जाणे.

कबरीच्या उशाशी ठेवला.
आमच्यात ही रीत नाही. काका पुढे झाले काढायला,
मी त्यांचा हात धरला.

ती वाकून, मोडक्या मराठीत,
कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली,
"मिल्का, झोप तू.
नंबर लावला."